श्रद्धा आणि नित्यव्यवहार : लक्ष्मीबाई टिळकांचे धर्मांतर व जळगावचे कविसंमेलन

१

इ. स. १९०७ मध्ये जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. लष्करी वैद्यकसेवेत आयुष्य घालविलेले हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे जाणकार म्हणून विद्वानांत ख्यात होते, आणि मराठी काव्याचे रसिक म्हणूनही त्यांचा लौकिक होता. या संमेलनात धरणगावच्या एका जेमतेम सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हणून दाखविली आणि सभेने त्याला ‘बालकवी’ ही पदवी बहाल केली. तो मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रसंगाची नोंद सर्वत्र आढळते.

त्याच संमेलनाशी निगडित असलेल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र इतिहासदृष्टीने फारसे लक्ष गेलेले नाही. संमेलनास रेव्हरंड नारायण वामन टिळक उपस्थित होते. टिळक हे मूळचे कोकणस्थ ब्राह्मण. त्यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. जळगावास जमलेल्या कवींनी आणि रसिकांनी त्यांना परका मानले नाही. पुढे ठोमरे अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) टिळकांच्या घरी जाऊन राहिले आणि त्या घरचे एक मूल होऊन गेले. ब्राह्मण कुटुंबातील एक तरुण एका ख्रिस्ती पाद्र्याच्या घरी राहतो, जेवतो, रुसतो आणि पुन्हा परत येतो, ही गोष्ट त्या काळच्या समाजस्थितीत सामान्य नव्हती.

हिचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी बारा वर्षे मागे जावे लागते. १८९५ मध्ये याच टिळकांच्या हातचे पाणी त्यांच्या स्वतःच्या पत्नीलाही घेता येत नव्हते. ज्या घराचे दार १८९५ मध्ये गृहिणीलाच बंद झाले, ते दशकभरानंतर खानदेशातील एका परक्या मुलाला कसे उघडे झाले? या प्रश्नाचे उत्तर केवळ धर्मशास्त्रीय वादांत किंवा मिशनांच्या अहवालांत शोधून मिळणार नाही. ते मुख्यतः त्या घराच्या चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी सापडते, आणि ते लक्ष्मीबाई टिळक यांनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात नोंदवून ठेविले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका तरुण स्त्रीने श्रद्धा आणि नित्यव्यवहार यांची सांगड कशी घातली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम स्थळाचा विचार करणे अवश्य आहे. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पहिल्याचे ठाणे जळगाव आणि दुसऱ्याचे धुळे. संमेलन भरले ते या विभागणीच्या दुसऱ्याच वर्षी. रेल्वेच्या मुख्य मार्गावर असलेले जळगाव हे कापसाच्या व्यापाराने वाढत चाललेले गाव होते. पुण्यामुंबईसारखी विद्येची जुनी परंपरा त्याच्या पाठीशी नव्हती. तरी कवितेच्या संदर्भात त्याचे स्थान वेगळे होते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये येथून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले आणि ते १९३५ पर्यंत चालले. आधुनिक मराठी कवितेला स्थिर व्यासपीठ मिळवून देण्याचे श्रेय या मासिकाकडे जाते.

खानदेशाचा त्या पिढीतील कवींशी असलेला संबंध एवढ्यावरच थांबत नाही. केशवसुतांच्या शिक्षकी पेशाची शेवटची वर्षे बव्हंशी भडगाव आणि फैजपूर येथे गेली. कवी विनायक, म्हणजे विनायक जनार्दन करंदीकर, हे धुळ्याचे. ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावी झाला. वडील पोलीसखात्यात असल्यामुळे त्यांचे बालपण खानदेशातील निरनिराळ्या गावी गेले आणि शिक्षणाची घडी नीट बसली नाही. अशा रीतीने १९०७ च्या सुमारास या प्रदेशात एक कविमंडळ आपोआप तयार झालेले होते. त्यात प्रवेश मिळण्यास कविता पुरेशी होती; पंक्तीची अट नव्हती. टिळकांना जळगावात जी जागा मिळाली तिचे एक कारण हे आहे.

मात्र ते एकमेव कारण मानता येत नाही. काव्याच्या सभेत शेजारी बसणे वेगळे आणि एखाद्याच्या घरी जाऊन मुलासारखे राहणे वेगळे. सभेतील समता तासा-दोन तासांची असते. घरातील समता रोजच्या ताटावाटीतून सिद्ध करावी लागते.

३

या विषयाचे मुख्य साधन ‘स्मृतिचित्रे’ हे असल्यामुळे त्याच्या प्रामाण्याचा विचार आधी केला पाहिजे. या ग्रंथाचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा आणि मृत्यू १९३६ चा. म्हणजे धर्मांतराच्या काळच्या घटना त्यांनी पंचवीस-तीस वर्षांनी, उतारवयात लिहिल्या. टिळक १९१९ मध्ये वारले होते आणि त्यांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात, ही पुत्र देवदत्त यांची निकड लेखनामागे होती. लेखिका त्या वेळी श्रद्धावान ख्रिस्ती होती. आपल्या कथेचा शेवट ठाऊक असलेल्या लेखकाकडून आरंभीची पावलेही त्या शेवटाच्या दिशेने पडल्यासारखी दाखविली जाण्याचा संभव नेहमीच असतो. धर्मांतरितांच्या आत्मवृत्तांत तर हा दोष पुष्कळदा आढळतो : आधीचे आयुष्य काळोख आणि नंतरचे उजेड, अशी त्यांची मांडणी असते.

‘स्मृतिचित्रे’ या साच्यात बसत नाही, आणि हेच त्याचे ऐतिहासिक मूल्य आहे. पतीच्या धर्मांतराने आपल्यावर कोसळलेला आघात लेखिकेने सौम्य केलेला नाही. पतीचा विक्षिप्तपणा, संताप व विसराळूपणा तिने लपविलेला नाही, आणि स्वतःचा हट्ट व भाबडेपणाही तिने हसत हसत सांगितला आहे. ज्या आप्तांनी तिला धर्मांतरापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, त्यांचे वर्णन कृतज्ञतेने केले आहे. ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या घराला ती काळोख म्हणत नाही. जी लेखिका आपल्या पक्षाला गैरसोयीच्या गोष्टी इतक्या सहज नोंदविते, तिची साक्ष सामान्यतः विश्वसनीय मानण्यास हरकत नाही. तारखांच्या व क्रमाच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी लागेल. व्यवहाराच्या तपशिलांत मात्र हा ग्रंथ समकालीन अहवालांपेक्षा अधिक बोलका आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लक्ष्मीबाईंना शाळेचे रीतसर शिक्षण नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर घरीच झाली. त्यामुळे त्यांच्या लेखनात ना शास्त्र्यांची भाषा आहे, ना भाषांतरित ख्रिस्ती ग्रंथांची. श्रद्धेविषयी त्या लिहितात तेही नाशिककडच्या घरगुती मराठीतच. ज्या गोष्टीला घरगुती भाषेत शब्द नाही, ती त्यांच्या लेखनात येत नाही.

४

टिळकांच्या धर्मांतराचा मार्ग बौद्धिक होता. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ग्रंथ वाचला, पत्रव्यवहार केला, स्वतःशी आणि इतरांशी वाद घातला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जातिभेदाने विस्कळीत झालेल्या राष्ट्राला एका जिवंत धर्माची गरज आहे, हाही त्यांच्या विचारातील एक धागा होता. विचार, निश्चय, विधी असा हा क्रम आहे. घर या क्रमात शेवटी आले, किंबहुना त्या वेळी आलेच नाही. कारण पत्नीला विश्वासात घेऊन हा निर्णय झालेला नव्हता.

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी एक लहान मुलगा होता. त्यांच्यासमोर काय उभे राहिले, हे समजण्यासाठी त्यांचे माहेर पाहावे लागते. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या घरी त्या वाढल्या. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईकडील घराण्यावर सरकारी कोप झाला, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे पराकोटीचे वेड जडले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. मिठासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या जिनसाही या नियमातून सुटत नसत. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ या सोवळ्याने होतो, आणि ही योजना अर्थपूर्ण आहे. पुढे ज्या प्रश्नाभोवती सारे आयुष्य फिरणार, तो प्रश्न लेखिकेने प्रारंभीच मांडून ठेविला आहे : स्पर्शाने माणूस बाटतो काय?

अशा घरातून आलेल्या स्त्रीच्या दृष्टीने पतीचे ख्रिस्ती होणे म्हणजे मताचा बदल नव्हे. उद्यापासून त्याने शिवलेले पाणी प्यावे की नाही, त्याच्या ताटाला हात लावावा की नाही, मुलाला त्याच्याजवळ पाठवावे की नाही, हे तिच्यापुढचे प्रश्न होते. ती आप्तांच्या आश्रयाने नाशिक व पंढरपूर येथे राहिली. पती जिवंत असून वियोग, आणि सौभाग्यवती असून विधवेसारखी परावलंबी स्थिती, असा हा काळ सुमारे साडेचार वर्षांचा होता.

या ठिकाणी तत्कालीन कायद्याचा उल्लेख करणे उचित होईल. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. विवाहाच्या संदर्भात १८६६ चा कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार धर्मांतराच्या कारणाने सहा महिने नांदण्यास नकार देत राहिला, तर तिला न्यायालयात जाता येई आणि विहित मुदतीनंतर विवाह रद्द करून घेता येई. म्हणजे टिळकांना कायद्याने पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो अवलंबिला नाही. त्यांनी पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, वाट पाहिली. लक्ष्मीबाईंनीही पतीशी असलेले नाते मनातून तोडले नाही. विरहाच्या या काळात त्या पद्यरचनेकडे वळल्या. कायद्याने जे नाते सोडविता आले असते ते दोघांनीही राखले, आणि त्यामुळे पुढचा सारा प्रयोग शक्य झाला.

५

तो प्रयोग असा. लक्ष्मीबाई मुलासह अहमदनगर जिल्ह्यात पतीकडे राहण्यास आल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. एका संसारात दोन स्वयंपाक सुरू झाले. त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, भांडी वेगळी. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. एकाच छपराखाली दोन चुली पेटत राहिल्या, आणि या दोन चुलींमधील अंतर हाच लक्ष्मीबाईंच्या चिंतनाचा विषय झाला.

त्या चिंतनाचा क्रम टिळकांच्या क्रमाच्या नेमका उलट आहे. आधी बायबल पटले, मग जात सोडली, असे घडले नाही. आधी जात सुटली. राहुरी येथे असताना भोवतालची माणसे, त्यांचे जन्म, आजार व मरणे पाहून त्यांच्या मनाने निर्णय दिला की जात ही ईश्वराने केलेली नसून माणसाने केलेली आहे. हा निर्णय होताच कोणाच्याही हातचे खाण्यास त्या सिद्ध झाल्या. त्या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, आणि आपण ख्रिस्ती होऊ असेही त्यांनी ठरविलेले नव्हते. श्रद्धा त्यानंतर आली. बाप्तिस्मा १९०० मध्ये राहुरी येथे झाला. व्यवहार, विचार, श्रद्धा, विधी असा हा क्रम आहे. पतीचा प्रवास ग्रंथाकडून घराकडे झाला. पत्नीचा घराकडून ग्रंथाकडे.

या क्रमभेदावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, एकोणिसाव्या शतकातील धर्मांतराचा इतिहास केवळ पुरुषांच्या वादविवादांवरून लिहिला तर तो अर्धाच राहतो. बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रापासून या विषयाचे जे साहित्य उपलब्ध आहे, त्यात संशय, वाचन, वाद आणि निश्चय या पायऱ्या ठळक आहेत. आचार हा त्या पायऱ्यांचा परिणाम म्हणून येतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आचार हेच विचाराचे साधन आहे. ज्या स्त्रीच्या हाती दिवसभर पाणी, पीठ, विस्तव आणि मूल असते, ती धर्माचा विचारही त्यांच्याच द्वारा करते.

दुसरा निष्कर्ष अधिक नाजूक आहे. लक्ष्मीबाईंनी इतरांच्या हातचे पाणी घेतले, याचे कौतुक करताना त्या पाण्याच्या दुसऱ्या बाजूला कोण उभे होते हे विसरून चालणार नाही. अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत मोठा भरणा महार व मांग समाजांतून आलेल्या लोकांचा होता. त्यांच्या दृष्टीने पाण्याचा प्रश्न ‘घ्यावे की न घ्यावे’ असा कधीच नव्हता. तो ‘मिळेल की नाही’ असा होता. गावची विहीर त्यांना बाप्तिस्म्यापूर्वी बंद होती, आणि बाप्तिस्म्याने ती उघडली असे झाले नाही. ब्राह्मण धर्मांतरिताला श्रद्धेपायी काहीतरी सोडावे लागे. अस्पृश्य धर्मांतरिताला जे कधी मिळालेच नाही, ते मागण्याचे बळ श्रद्धेतून हवे होते. एकाच मंडळीत, एकाच प्रभुभोजनाच्या मेजाभोवती, हे दोन भिन्न अनुभव एकत्र येत. पश्चिम खानदेशच्या डोंगराळ भागातील भिल्ल वस्तीत स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी जे काम केले, तेथे प्रश्न आणखीच निराळे होते. सोवळ्याची ही समस्या तेथे या रूपात उद्भवण्याचे कारण नव्हते. म्हणून टिळक दांपत्याचा अनुभव हा ‘मराठी ख्रिस्ती अनुभव’ असे सरसकट म्हणता येत नाही. तो त्यातील एक अनुभव आहे. केवळ तो लिहिला गेला आणि उत्तम लिहिला गेला, म्हणून इतरांपेक्षा अधिक दिसतो.

तथापि याच मुद्द्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लक्ष्मीबाईंनी जात सोडली ती एखाद्या समारंभापुरती नाही. १८९९–१९०० च्या दुष्काळाने आणि प्लेगाने नगर जिल्ह्यात जो हाहाकार उडविला, त्या काळात आणि नंतरही त्यांच्या घरी इतरांची मुले वाढली. रुग्णशुश्रूषा त्यांनी केली. मुलाला न्हाऊ घालणे, रुग्णाला भरविणे या कामांत स्पर्शाचा हिशेब ठेवता येत नाही. सोवळ्याच्या घरात जन्मलेल्या या स्त्रीने सोवळे टाकले याचा खरा पुरावा बाप्तिस्म्याच्या नोंदीत नसून या कामांत आहे.

६

आता जळगावच्या संमेलनाकडे पुन्हा वळता येईल. १९०७ मधील टिळकांच्या मागे असे घर उभे होते. ठोमरे अहमदनगरास आले ते या घरी. तेथे त्यांना टिळकांसारखा काव्यगुरू मिळाला, देवदत्तांसारखा जवळपास समवयस्क सोबती मिळाला आणि लक्ष्मीबाईंची माया मिळाली. ‘स्मृतिचित्रे’तील ठोमरे हे पाठ्यपुस्तकांतील निसर्गकवी नव्हेत, लहरी, हळवे, चटकन रागावणारे आणि तितक्याच चटकन विरघळणारे असे ते घरातले एक मूल आहे. टिळकांच्या फुलांमुलांच्या कवितेचा संस्कार बालकवींवर झाला, हे समीक्षकांनी दाखविले आहेच. पण काव्याचा संस्कार ग्रंथावरूनही होऊ शकतो. घरात राहिल्याने जे घडते ते निराळे.

ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. या घराची कसोटी नेमकी याच गोष्टीत आहे. धर्मप्रसार हे ज्याचे जीवितकार्य, त्या माणसाच्या घरी एक तरुण राहतो आणि आपल्या धर्मात राहूनच त्या घरचा होतो. लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या तेव्हा टिळकांनी त्यांच्या चुलीला जी मोकळीक दिली होती, तिचाच हा पुढचा टप्पा म्हणता येईल. ज्याने स्वतःच्या घरात दोन चुली सोसल्या, त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेचा धाक वाटण्याचे कारण उरले नव्हते. आणि जिने आपली चूल स्वतःच्या विचाराने विझविली होती, तिला परक्या मुलाला आपल्या ताटावर बसविताना त्याच्याकडून विश्वासाची कबुली मागण्याची गरज भासली नाही.

याला जोडूनच भाषेचा विचार येतो. ख्रिस्ती झालेल्या माणसाने मराठी परंपरेत राहावे की तिच्यापासून दूर व्हावे, हा त्या पिढीपुढील खरा प्रश्न होता. पाश्चात्त्य पोशाख, पाश्चात्त्य नावे, पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते यांकडे अनेक मंडळ्यांचा कल होता. विरोधकही ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे असाच आरोप करीत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत रुजविले. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडलेली होती. टिळकांनी तिला काव्याची उंची दिली. आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांना मोठे स्थान आहे. रविवारच्या उपासनेत गाइली जाणारी ही पदे घरोघर कामे करताना गुणगुणली जाऊ लागली, तेव्हाच श्रद्धा खऱ्या अर्थाने नित्यव्यवहारात उतरली असे म्हणावे लागेल.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाच्या संपादनाची जबाबदारी टिळकांकडे होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोहोंनाही त्यात जागा असावी, ही त्यामागील कल्पना होती. तिचा उगम इतिहासकारांनी टिळकांच्या भक्तिपरंपरेविषयीच्या ओढीत आणि राष्ट्रीय वृत्तीत शोधला आहे, व तो योग्यच आहे. परंतु त्याला आणखी एक उगम असावा. बाप्तिस्मा झालेला पती, न झालेली पत्नी, आणि पुढे खानदेशातून आलेला न बाटलेला पोरगा, अशा मिश्र घराचा अनुभव टिळकांच्या गाठी होता. जे घरात शक्य झाले ते समाजात का होऊ नये, असा विचार या योजनेमागे असल्यास आश्चर्य नाही.

७

यानंतरचा वृत्तान्त थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ५ मे १९१८ रोजी जळगाव व भुसावळ यांच्या दरम्यानच्या भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. वय पुरते अठ्ठावीसही नव्हते. ज्या जळगावाने त्यांना पदवी दिली, त्याच्याच शिवेवर ही घटना घडली. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले आणि त्यातील बहुसंख्य अध्याय रचिले. एके काळी पतीच्या हातचे पाणी न घेणाऱ्या स्त्रीने पतीच्या हातची लेखणी घेतली, आणि ती शेवटपर्यंत चालविली.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, आणि तो तसाच मांडणे योग्य होईल. एका कुटुंबावरून समग्र मराठी ख्रिस्ती समाजाचा सिद्धांत बांधता येणार नाही. विशेषतः ज्या समाजांनी आपले अनुभव लिहून ठेविले नाहीत, त्यांच्या वतीने टिळकांचे घर साक्ष देऊ शकत नाही. खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांचा, त्यांतही डोंगरी भागातील मंडळ्यांचा, घरगुती इतिहास मौखिक आठवणींच्या व मंडळ्यांच्या दप्तरांच्या साह्याने स्वतंत्रपणे लिहिला जाणे आवश्यक आहे. संशोधक विद्यार्थ्यांना या क्षेत्रात पुष्कळ काम करता येण्यासारखे आहे.

परंतु टिळकांच्या घराच्या उदाहरणावरून अभ्यासाची एक दिशा निश्चितपणे सुचते. धर्मांतराच्या अभ्यासात सामान्यतः बाप्तिस्म्याची तारीख ही सीमारेषा मानली जाते : तिच्या अलीकडे एक माणूस आणि पलीकडे दुसरा. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ही रेषा १९०० मध्ये पडली असे नोंदवहीत दिसेल. वास्तविक ती कित्येक वर्षे, रोज थोडी थोडी, ताटावरून आणि भांड्यावरून सरकत होती. तिचे सरकणे पाहायचे असेल तर शिधा कोणी निवडला, पाणी कोणी भरले, आजारी मुलाजवळ कोण बसले आणि आलेल्या पाहुण्याचे पान कोठे मांडले, हे प्रश्न विचारावे लागतात. जळगावच्या संमेलनानंतर धरणगावच्या त्या मुलाचे पान अहमदनगरात घरच्या मुलांच्या ओळीत मांडले गेले, ही गोष्ट म्हणूनच बालकवींच्या चरित्रातील केवळ एक तपशील ठरत नाही. १८९५ मध्ये मोडलेल्या एका घराची घडी पुन्हा बसली होती, आणि ती पूर्वीपेक्षा रुंद बसली होती, याचा तो पुरावा आहे.